मिलवॉकीच्या पोलिश बॅसिलिकात क्वायर ऐकायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की माझ्या फोनवर एकाच विषयाचे निरोप सुरू होतात. ‘अगं, ते घुमटाचं चर्च, तिथला गाण्याचा कार्यक्रम… आम्ही गेलो तर चालेल का?’ नव्याने आलेली कुटुंबं विचारतात, लेकीकडे सहा महिने राहायला आलेले आईबाबा विचारतात, आणि गेली दोन वर्षं शिकागोहूनही विचारणा होते. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून सगळं इथे एकत्र लिहिलं आहे. तारखा आणि तिकिटांचे दर दर वर्षी बदलतात, ते आयोजकांकडेच बघा.

१. हे चर्च नेमकं कोणतं आणि ते कुठे आहे?

बॅसिलिका ऑफ सेंट जोसाफाट. मिलवॉकी शहराच्या दक्षिण भागात, सिक्स्थ स्ट्रीट आणि लिंकन अॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर. हमरस्त्यावरून शहरात येताना घरांच्या छपरांवर एक भला मोठा हिरवट घुमट तरंगताना दिसतो, तेच हे. १९०१ साली त्याचं उद्घाटन झालं. ‘बॅसिलिका’ हा मान पोपनी १९२९ साली दिला. अमेरिकेत तो मिळालेलं हे तिसरंच चर्च. बाहेरचे क्वायर, म्हणजे एकत्र गाणारे गायकवृंद, इथे येऊन कार्यक्रम करतात. बेल कान्तो कोरस या शहरातल्या जुन्या गायनसंस्थेचा नाताळचा कार्यक्रम त्यातला सगळ्यांत माहितीचा.

२. आम्ही ख्रिश्चन नाही. गेलो तर कोणाला खटकेल का?

अजिबात नाही. तिकीट काढून येणारा प्रत्येक जण श्रोता असतो, दाराशी कोणी धर्म विचारत नाही. आत शिरताना काही लोक पाण्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करतात, बाकाशी आल्यावर एक गुडघा टेकतात. तुम्ही दोन्ही केलं नाही तरी काही बिघडत नाही. केलंच पाहिजे म्हणून नक्कल करू नका, ती उलट विचित्र दिसते. मात्र कार्यक्रम आणि उपासना यांत फरक आहे, त्यासाठी प्रश्न १३ वाचा.

३. चपला-बूट काढायचे का? डोक्यावर पदर?

बूट काढायचे नाहीत. माझ्या आत्याने पहिल्याच वर्षी दाराशी बूट काढून नीट जोडीने ठेवले आणि मोज्यांवर आत चालू लागली. दारावरचे आजोबा धावत बूट हातात घेऊन तिच्या मागे आले. पदराची सक्ती नाही. पुरुषांनी मात्र टोपी काढायची, अगदी थंडीची कानटोपीसुद्धा. आपल्याकडच्या सवयीच्या नेमकं उलट. साडी उत्तम, आत थर्मल घाला. खांदे झाकलेले असले की झालं.

४. जागा कुठली धरावी? पुढची की मागची?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर सांगते.

इमारतीचा आराखडा क्रूसाच्या आकाराचा आहे आणि मधोमध घुमट. तो पेलायला जाडजूड खांब आहेत. कडेच्या भागात बसलात तर खांबाआड अर्धा क्वायर दिसेनासा होतो. तिकिटावर आसन क्रमांक नसेल तर दार उघडायच्या आधी अर्धा तास पोहोचा.

आता आवाजाचं. विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवलेली आठवते का? आवाज वर जातो, फिरतो आणि सावकाश परत येतो. इथे तितकं टोकाचं नाही, पण जातकुळी तीच. अगदी पुढच्या रांगेत बसलं की जवळच्या चार गायकांचे आवाज सुटे-सुटे ऐकू येतात आणि बाकीचा मेळ डोक्यावरून जातो. अगदी मागे बसलं की सगळं एकजीव होतं, पण धूसर. माझं मत : मधली वाट धरून चालत जायचं आणि बाकांचा पुढचा तिसरा भाग संपतो तिथे बसायचं. स्वरही मिळतात, शब्दांचे कोपरेही.

बाक लाकडी आहेत. दीड तास बसायचं तर शाल घडी करून खाली घ्या. पुढच्या बाकाखाली घडीची गादी दिसेल, ती गुडघे टेकून प्रार्थना करायची असते; त्यावर बूट ठेवू नका.

५. क्वायर म्हणजे आपलं समूहगान ना?

शाळेच्या समूहगानात सगळे एकच चाल एकत्र गातात. क्वायरमध्ये साधारण चार फळ्या असतात : सोप्रानो आणि आल्टो हे स्त्रियांचे, टेनर आणि बास हे पुरुषांचे. चौघांची चाल वेगवेगळी असते आणि ती एकाच वेळी चालते. आपलं संगीत एका रागाच्या वाटेने खोल खोल जातं, हे एकाच क्षणी रुंद होतं. पहिल्यांदा ऐकताना ‘मुख्य चाल कुठली?’ असं शोधू नका, थकाल. एक फळी धरा. मी नेहमी बास धरते, तानपुऱ्यासारखा त्याचा आधार वाटतो. मग एखादं कडवं दुसरी फळी.

वसई आणि गोव्याच्या वाचकांना हे सांगायची गरज नाही. गोव्यात चर्चच्या ‘मेस्त्रीं’नी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवली आणि तिथे चालीसेच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत मोटेट (अनेक आवाजांत गायची धार्मिक गाणी) आजही गातात. त्यांनी इथे येऊन फक्त घुमटाचा फरक ऐकावा.

६. गाणी कोणत्या भाषेत असतात? पोलिश गाणी असतात का?

क्वायर कोणता आणि निमित्त काय यावर ते ठरतं. बहुतेक वेळा लॅटिन आणि इंग्रजी, नाताळात थोडं जर्मन. पोलिश प्रत्येक कार्यक्रमात असेलच असं नाही. चर्च पोलिश लोकांनी बांधलं असलं तरी गाणारे शहरातले कोणीही असतात. पोलिश काही ऐकायला मिळालं तर ही नावं कार्यक्रमपत्रिकेत शोधा :

नाताळच्या पोलिश गाण्यांना ‘कोलेंदा’ म्हणतात. ‘लुलायझे येझुन्यू’ हा चक्क पाळणा आहे. रामनवमीला आपण ज्या भावाने पाळणा म्हणतो, त्याच भावाने बाळ येशूला झोपवायचं. शोपँ या पोलिश संगीतकाराने आपल्या पहिल्या स्केर्त्सोच्या (पियानोच्या एका जलद रचनेच्या) मधल्या भागात हीच चाल घेतली. गडगडाटी वादनाच्या पोटात अचानक हा पाळणा येतो. ‘बुग शे रोजी’ त्याच्या उलट, पोलोनेझ नृत्याच्या डौलात चालणारी. तिचे शब्द फ्रांचिशेक कार्पिन्स्की या कवीचे, अठराव्या शतकाच्या अखेरचे.

विसाव्या शतकातलं हवं असेल तर हेन्रिक गुरेत्स्की यांचं ‘तोतुस तूउस’. पोप दुसरे जॉन पॉल १९८७ साली मायदेशी आले त्या वेळी लिहिलेली रचना. वाद्य एकही नाही. मारियाचं नाव घेतलं जातं, पुन्हा घेतलं जातं, दर वेळी आणखी हळू. घुमटाखाली ऐकण्यासाठीच बांधल्यासारखी वाटते.

७. टाळ्या कधी वाजवायच्या?

आपल्या कानांना जागेवर दाद द्यायची सवय. इथे ‘वाहवा’ नको, मान डोलवली तरी पुरे. एखादी रचना चार-पाच भागांची असेल तर भागांच्या मधे टाळ्या वाजवत नाहीत. कार्यक्रमपत्रिकेत एका शीर्षकाखाली आत सरकवून छापलेल्या ओळी दिसतात, ते भाग. शेवटची ओळ संपेपर्यंत थांबायचं.

आणि संपली तरी लगेच नाही. कंडक्टरचा, म्हणजे समोर उभं राहून हातवाऱ्यांनी क्वायरला गाववणाऱ्याचा, हात बघा. गायकांची तोंडं मिटलेली असतात, हात मात्र अजून हवेत असतो, कारण शेवटचा स्वर वर घुमटात फिरतोय. तो विझला की हात खाली येतो. त्यानंतर टाळी. मी एकदा हात खाली यायच्या आधी सुरुवात केली होती. एवढ्या मोठ्या जागेत एकच टाळी. पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळूनही पाहिलं नाही, तेच जास्त लागलं.

८. शब्द नीट कळत नाहीत. माइक का लावत नाहीत?

माइक लावला तर आणखी कळणार नाहीत. अडचण आवाज कमी असण्याची नाही, तो रेंगाळतो ही आहे. मागचा शब्द विरायच्या आत पुढचा त्याच्यावर येऊन बसतो. म्हणून जाणते कंडक्टर अशा जागी लय थोडी सैल ठेवतात आणि शब्दाच्या शेवटचं व्यंजन सगळ्यांकडून एकाच क्षणी म्हणवून घेतात. ‘स’ वर संपणारा शब्द लक्ष देऊन ऐका, पन्नास जणांचा एकच ‘स’ पडतो. जलद, गुंतागुंतीच्या रचना इथे चिखल होतात, कितीही चांगला क्वायर असो. जुन्या काळच्या संथ लॅटिन रचना अशाच दगडी जागांसाठी लिहिल्या गेल्या. पत्रिकेत मजकूर आणि इंग्रजी अर्थ छापलेला असला तर दिवे मंद व्हायच्या आत एकदा वाचून घ्या.

९. मजुरांच्या वस्तीत एवढं राजवाड्यासारखं चर्च कसं? आणि ते पोस्टाच्या इमारतीचं बनवलंय हे खरं का?

खरं आहे.

१७९५ पासून १९१८ पर्यंत पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो वाटून घेतला होता. मिलवॉकीला आलेले पोलिश लोक बरेचसे प्रशियाच्या ताब्यातल्या भागातून आले, जिथे त्यांची भाषा आणि चर्च दोन्हींवर सरकारचा दाब होता. इथे ते चामड्याच्या कारखान्यांत, लोखंडाच्या गिरण्यांत राबले. १८८६ च्या मे महिन्यात आठ तासांच्या दिवसासाठी निघालेल्या, मिलवॉकीजवळच्या बे व्ह्यूच्या मोर्चावर सैनिकांनी गोळीबार केला, त्या मोर्चात बहुसंख्य पोलिश मजूर होते. देश नाही, सरकार आपलं नाही, मालक आपला नाही. मग जे काही आपलं म्हणून उभं करायचं ते चर्चच.

सेंट जोसाफाटचा पॅरिश, म्हणजे या चर्चला जोडलेला भाविकांचा समुदाय, १८८८ चा. वस्ती इतकी वाढली की आधीची जागा पुरेना. फादर विल्हेल्म ग्रुत्सा यांनी एर्हार्ड ब्रिलमायर या वास्तुविशारदाकडून नवा आराखडा करून घेतला. तेवढ्यात कळलं की शिकागोतली पोस्ट आणि जकातीची सरकारी इमारत पाडतायत. ती १८७१ च्या आगीनंतर बांधलेली, पण पाया खचल्यामुळे वीस वर्षंही धड टिकली नाही. ग्रुत्सांनी तिचा माल २०,००० डॉलरला विकत घेतला. सुमारे ५०० उघड्या रेल्वे वाघिणींतून दगड, खांब, कठडे मिलवॉकीला आले. ब्रिलमायरनी आधीचा आराखडा बाजूला ठेवला आणि आलेल्या दगडांच्या मापाने नवा काढला. जुन्या साडीच्या काठाला बघून परकर-पोलकं बेतावं, तसं. पायाची खोदाई पॅरिशच्याच माणसांनी केली, कारखान्यातली पाळी संपवून.

दर्शनी भागातले ग्रॅनाइटचे खांब त्या पोस्टाचे आहेत. आत शिरण्याआधी हातमोजा काढून एकाला हात लावा. डिसेंबरात तो बर्फासारखा असतो आणि इतका गुळगुळीत की हात निसटतो.

खर्च अंदाजापेक्षा पुष्कळ वाढला. लोकांनी पॅरिशला आपली बचत दिली होती, काहींनी घरं गहाण टाकली होती. चर्चच्या आसपासच्या गल्ल्यांत फिरलात तर ‘पोलिश फ्लॅट’ दिसतील : मूळचं छोटं लाकडी घर जॅक लावून उचलायचं, खाली अर्धा मजला बांधायचा, आणि त्यात एक बिऱ्हाड ठेवायचं. भाडं कर्जात जायचं. ग्रुत्सा उद्घाटनानंतर काही आठवड्यांतच वारले. कर्ज मागे राहिलं. १९१० साली फ्रान्सिस्कन संन्याशांनी चर्च हाती घेतलं आणि आतली रंगीत चित्रं पूर्ण व्हायला १९२६ साल उजाडलं. म्हणजे पहिली पंचवीस वर्षं इथे येणाऱ्यांनी आजचा सोनेरी थाट पाहिलाच नव्हता. मला हे नेहमी आठवतं, विशेषतः कोणी ‘किती श्रीमंत चर्च आहे नाही!’ म्हणतं तेव्हा.

१०. व्हॉट्सअॅपवर आलं होतं की संत जोसाफाट म्हणजे मुळात गौतम बुद्ध. खरं का?

निरोप अर्धा खरा, पण माणूस चुकीचा. मध्ययुगीन युरोपात बार्लाम आणि जोसाफाट यांची कथा घरोघरी माहीत होती. राजपुत्र, राजवाड्यात कोंडलेला, बाहेर पडल्यावर रोगी आणि वृद्ध माणूस पाहतो, मृत्यू म्हणजे काय ते कळतं… ओळखीची वाटली ना? ती बुद्धचरित्रातूनच भाषा बदलत पश्चिमेला गेली आणि ‘बोधिसत्त्व’ शब्दाचं रूप झिजत झिजत ‘जोसाफाट’ झालं.

हे चर्च मात्र त्या जोसाफाटचं नाही. हे योसाफात कुन्त्सेविच, पोलंड-लिथुआनियाच्या राज्यातले पोलोत्स्कचे आर्चबिशप. १६२३ साली व्हितेब्स्कमध्ये जमावाने त्यांना मारलं आणि १८६७ साली ते संत ठरले. मराठी बायबलमध्ये ‘यहोशाफाट’ नावाचा राजा आहे, तो आणखी तिसरा.

११. लहान मुलांना न्यावं का?

सहाच्या पुढची, गोष्ट ऐकत बसणारी असतील तर खुशाल. त्याहून लहान असतील तर मधल्या वाटेच्या नाही, कडेच्या टोकाला बसा म्हणजे उठून जाता येतं. इथे मूल रडलं तर तेही घुमटात फिरतं (प्रश्न ४). खाऊ म्हणून चिवडा नको. खोकल्याच्या गोळ्या वेष्टन काढून डबीत भरून न्या. शांत जागी त्या प्लॅस्टिकचा आवाज फटाक्यासारखा वाटतो.

१२. फोटो काढलेले चालतात का?

कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर हो, फ्लॅश न मारता. गाणं चालू असताना नाही, आणि रेकॉर्डिंग मुळीच नाही. निवांत फोटो हवे असतील तर दिवसा वेगळं या. खिडक्यांच्या रंगीत काचा ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकहून आणलेल्या आहेत; रात्रीच्या कार्यक्रमात त्या नुसत्या काळ्या दिसतात.

१३. गेलो तर कार्यक्रम नसून मिस्साच निघाली! अशा वेळी काय करायचं? आणि पोळीसारखा प्रसाद घ्यायचा का?

हे होतं, कारण क्वायर दोन्हीकडे गातो. जाहिरातीत तिकीट असेल तर तो कार्यक्रम. नुसतं ‘मास’ लिहिलं असेल, किंवा पोलिश पॅरिशमध्ये ‘पास्तेर्का’ म्हटलं असेल, तर ती उपासना. पास्तेर्का म्हणजे नाताळच्या आदल्या मध्यरात्रीची मिस्सा. ‘लेसन्स अँड कॅरल्स’ मधलं प्रकरण आहे : वाचनं आणि गाणी, पण कम्युनियन (पवित्र पोळीचं वाटप) नाही.

मिस्सेत बसायला हरकत नाही. लोक उभे राहिले की उभे राहा, बसले की बसा, गुडघे टेकले की तुम्ही बसून राहिलात तरी चालतं. मिस्सेत टाळ्या नाहीत. कम्युनियनची रांग लागते तेव्हा जागेवरच बसा किंवा बाकावरच्यांना जायला वाट द्या. ती पातळ पोळी बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी आहे. आपल्याकडे प्रसाद नाकारणं वाईट दिसतं, इथे न घेणं हाच आदर.

आता अपवाद. नाताळच्या सुमारास एखादी पोलिश आजी तशीच दिसणारी, चित्र उठवलेली पांढरी पातळ पोळी तुमच्यापुढे धरेल आणि काहीतरी गोड बोलेल. ती ‘ओपवातेक’. ते कम्युनियन नव्हे. तिच्या पोळीचा तुकडा तुम्ही मोडायचा, तुमच्या हातात असेल तर तिने मोडायचा, आणि एकमेकांना वर्षभरासाठी शुभेच्छा द्यायच्या. तिळगूळ घ्या, गोड बोला. ओपवातेक जरूर घ्या.

१४. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात नाताळच्या गाण्यांचा कार्यक्रम? तारीख चुकली का?

नाही. पोलिश रिवाजात कोलेंदा नाताळापासून थेट २ फेब्रुवारीपर्यंत गातात. उलट नाताळाच्या आधीचे चार आठवडे वाट बघायचे, तेव्हा जुन्या वळणाची माणसं कोलेंदा गात नाहीत. अमेरिकन कार्यक्रम मात्र डिसेंबरच्या सुरुवातीलाच होतात. गर्दी नको असेल तर पोलिश पॅरिशमधला जानेवारीचा कार्यक्रम शोधा. मला तोच जास्त आवडतो : झाड अजून उभं असतं, श्रोते कमी आणि म्हातारी माणसं क्वायरबरोबर गुणगुणत असतात.

१५. मधेच सगळे उभे राहिले. राष्ट्रगीत होतं का?

बहुधा हँडल या संगीतकाराचा ‘हालेलुया कोरस’ असणार. त्याला उभं राहायची जुनी इंग्रजी रीत आहे. सक्ती नाही, गुडघे दुखत असतील तर बसा. कधी कंडक्टर श्रोत्यांकडे वळून हात वर करतो. तेव्हा शेवटचं गाणं सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं.

१६. क्वायर समोर दिसतच नाही, आवाज मागून येतो. असं का?

ऑर्गनजवळ, प्रवेशदाराच्या वरच्या सज्जात उभे असतील. पोलिशमध्ये क्वायरला आणि त्या सज्जालाही एकच शब्द आहे, ‘हूर’. मान वळवून बघत बसू नका. मी तर अशा वेळी डोळे मिटते.

१७. थंडी, गाडी आणि खाणं?

कोट ठेवायला वेगळी जागा धरून चालू नका, तो मांडीवर राहणार. गाडी गल्लीत लावायची वेळ आली तर पाटी नीट वाचा. हिवाळ्यात बर्फ काढण्यासाठी रस्त्याच्या कोणत्या बाजूला गाडी चालते ते बदलतं. चाकाची खुर्ची लागत असेल तर तिकीट घेतानाच सांगा.

खाण्याचं म्हणाल तर लिंकन अॅव्हेन्यूवर आज मेक्सिकन दुकानं जास्त. पोलिश कुटुंबं उपनगरांत गेली, आता हे मेक्सिकन कुटुंबांचं अंगण. पोलिश पिएरोगी मिळाले तर शाकाहारी लोकांनी बटाटा-चीजचे किंवा कोबी-मशरूमचे मागा. दिसायला उकडलेली करंजी. पण वर काय घालतात ते विचारा, पुष्कळदा कांद्याबरोबर डुकराच्या चरबीचे तुकडे परतलेले असतात. ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही, ‘बेकन नको’ असं शब्दांत सांगा.

१८. आमच्या कोल्हापुरातही पोलिश लोक होते म्हणतात. त्यांचा इथल्यांशी संबंध आहे का?

हे चर्च बांधणाऱ्यांशी नाही. ते कितीतरी वर्षं आधी, पोटासाठी आलेले. वळिवड्याला आलेले लोक युद्धाने हुसकलेले. सोव्हिएत सत्तेने सैबेरियाकडे नेलेली कुटुंबं, मुख्यतः बायका आणि मुलं, इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० जण कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे.

तरी मध्यंतरात शेजारच्या बाकावर पोलिश आडनावाचं कोणी असेल तर ‘वळिवडे’ हा शब्द उच्चारून बघा. मी एकदा सहज म्हटलं. ऐंशीच्या घरातल्या एका बाईंनी माझा हात धरला. त्या स्वतः नव्हत्या गेल्या, त्यांची मावशी तिथे वाढली होती. पुढचा अर्धा कार्यक्रम त्यांनी माझा हात सोडला नाही, आणि टाळ्या वाजवायच्या वेळी आमची दोघींची पंचाईत झाली.